आधी सोडायला शिका



पत्रिकेत माझा विषय ‘फिजिओथेरपीतील एक वेगळी वाट’ असा छापलाय. मी कळवला होता ‘ओटीपोटाच्या तळाचे स्नायू’. संयोजक म्हणाले, मॅडम, पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी असतात. (हशा) काका, मी प्रोस्टेटपर्यंत येणार आहे, उठू नका.

पदवीची वर्षं, पुढे एमपीटी ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, प्रवेश कसा मिळतो, हे इथल्या पालकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझ्या कामाला त्यापुढे आतून तपासण्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. कुणाला तपासायचं? शिंकलं की लघवी सुटते ती, अंग बाहेर आलंय ती, बाळंतपणातले टाके वर्ष झालं तरी दुखतात ती. आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पॅड लावून फिरणारे गृहस्थ. झाले, काका.

पैसे मिळतात का? मिळतात, पण उशिरा. गुडघा बरा झाला की बाई सोसायटीभर फिजिओचं नाव सांगते. लघवी आवरायला लागली, हे कुणाला सांगणार? (हशा) माझे पेशंट मला लग्नात भेटले तर ओळख दाखवत नाहीत. ज्याला कौतुकाची हौस आहे त्याने या शाखेत येऊ नये.

आता मला जे बोलायचंय ते. हल्ली ज्याला त्याला केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, माहीत असतो. मोबाईलवर बघतात, सिग्नलला गाडी थांबली की आवळतात. आर्नल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांचा व्यायामावरचा गाजलेला लेख १९४८चा. पण ते नुसतं ‘आवळा’ म्हणून बाईला घरी पाठवत नव्हते. आधी बोटाने तपासायचे, स्नायू किती आवळला ते बाईला स्वतःला दिसावं म्हणून त्यांनी उपकरण केलं होतं. आपण व्यायाम तेवढा उचलला, तपासणी टाकून दिली. १९९१ मध्ये अमेरिकेत संशोधक बंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन हे करायला सांगितलं. नीट जमलं जेमतेम निम्म्या जणींना. पाव बायका तर अशा जोर करत होत्या की लघवी सुटण्याला मदतच व्हावी.

आणि काही जणींचा स्नायू ढिला नसतोच. तो दिवसभर आवळलेला असतो. वळलेली मूठ आणखी किती वळणार?

माझ्याकडे ढोलपथकातली एक मुलगी आली. लग्न नाही, बाळंतपण नाही, तरी वाजवताना लघवी सुटायची. हे काही जगावेगळं नाही. स्वीडनमध्ये ट्रँपोलिनवर उड्या मारणाऱ्या ३५ खेळाडूंना विचारलं, एकीचंही बाळंतपण झालेलं नव्हतं, तरी २८ जणींनी त्रास सांगितला. तर ही मुलगी रोज शेकड्यांनी केगल करायची आणि त्रास वाढत चाललेला. तपासलं तर बोट लावल्याबरोबर कळवळली. मी केगल बंद करायला लावले. नुसतं उताणं झोपायचं, श्वास घेताना खालचा भाग सैल सुटू द्यायचा. तिला वाटलं, बाई पैसे घेऊन झोपायला शिकवतेय. (हशा) मग म्हटलं, ढोल घेऊन ये. आणला. दोरीने कमरेला आवळून बांधला आणि माझ्या क्लिनिकमध्ये वाजवला. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिना चढून वर आले, त्यांचा पेशंट खुर्चीतच राहिला. (हशा) पण मला हवं ते दिसलं. टिपरू पडताना ती श्वास कोंडत होती, पोट आत ओढत होती आणि खालूनही आवळत होती. वरून दाब आला की स्नायूला द्यायला काही शिल्लकच नाही. मग टोलाबरोबर श्वास सोडायला शिकवलं, दोर थोडा सैल केला, आवळणं सगळ्यात शेवटी. त्या वर्षीच्या गणपती विसर्जनाला ती शेवटपर्यंत वाजवत होती. मी गेले नव्हते, मला गर्दी सोसत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. फ्रान्समध्ये बाळंतिणीच्या या व्यायामाचे पैसे सरकारी विमा देतो, ते सांगायचं होतं, राहू दे.

तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी दिसतेय. डॉक्टर, मी केगल चुकीचे म्हणत नाही. खोकताना लघवी सुटत असेल तर ब्रिटनची नाइस ही संस्था आधी हाच व्यायाम करा म्हणते, रोज तीनदा, दर वेळी किमान आठ, आणि निदान तीन महिने. पण त्याच वाक्यात ‘देखरेखीखाली’ असंही आहे. व्यायाम कागदावर लिहून बाईला बाहेर पाठवताना हा शब्द गळतो. माझं भांडण तेवढंच.

फिजिओ शिकणाऱ्या मुला-मुलींनो, हो, मुलांनोसुद्धा, इकडे या. प्रोस्टेटचे पेशंट मला सांगायला लाजतात. मंडळी, केगल करताना दुखत असेल किंवा करूनही फरक पडत नसेल तर थांबा आणि तपासून घ्या. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. नाव घालू नका.