गाडीखालचे काम : आराम आणि सुरक्षितता

(कृष्णपुरा, इंदूर येथील मराठी रहिवाशांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खान नदीच्या काठी उभ्या असलेल्या होळकरांच्या छत्र्यांच्या परिसरात आपण आज जमलो आहोत. मोटारीशी या नगरीचा स्नेह जुना आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग मोटार जगभरातील शौकिनांना ठाऊक आहे. त्या काळी गाडीखाली शिरण्यासाठी राजवाड्याचे कारागीर असत. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मोटार मध्यमवर्गीयाच्या दारात उभी राहिली. आता तेल बदलणे, सायलेन्सरचा सैल झालेला पट्टा आवळणे अशी लहानसहान कामे अनेकजण घरच्या अंगणातच करतात. स्वावलंबनाची ही वृत्ती स्तुत्य आहे. परंतु ती डोळसपणे अंगीकारली पाहिजे.

आपणांस वाटेल, गाडीखाली कसला आला आहे आराम? माझे म्हणणे असे की, तेथे आराम हाच सुरक्षिततेचा पाया आहे. ज्याची मान अवघडली आहे, डोळ्यांत माती गेली आहे आणि पाठीखालची फरशी तापली आहे, तो मनुष्य घाई करतो. घाईत पाना निसटतो, जॅक नीट बसला की नाही हे पाहण्याचे राहून जाते, आणि मग जे घडते ते भरून येत नाही.

एक अनुभव सांगतो. तरुणपणी वडिलांच्या जुन्या फियाटखाली मी शिरलो होतो. जॅक अंगणातील मातीवर टेकवला होता. आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्याकडे माझे लक्ष गेले नाही. जॅक हळूहळू कलला आणि गाडी खाली आली. वडिलांनी काढलेले चाक सवयीप्रमाणे गाडीखाली आडवे सरकवून ठेवले होते. गाडी त्या चाकावर टेकली, म्हणून आज मी आपणांसमोर उभा आहे. मला त्यांनी एक शब्दही सुनावला नाही. केवळ जॅकखाली ठेवायला एक जाड फळी आणून दिली.

तेव्हा पहिला नियम हा की, गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचे रबरी वायसर झिजले, तर तो पूर्वसूचना न देता बसतो. गाडी उचलल्यावर तिचा भार भक्कम लोखंडी स्टँडवर, गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच द्यावा. विटा किंवा पोकळ ठोकळे मुळीच वापरू नयेत. भार आला की ते एकाएकी फुटतात. जमीन सपाट व कठीण असावी. बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो; म्हणून मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी ठरतो. जी चाके जमिनीवर राहतात त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर किंवा मोठा दगड लावावा. खाली जाण्यापूर्वी गाडीला हाताने धक्का देऊन पाहावे. जी बाहेरून हलते, तिच्याखाली जाऊ नये.

आता शरीराच्या सुखाविषयी. माळव्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. अशा दिवसांत काम सकाळी सावलीत करावे. पाठीखाली जाड पुठ्ठा किंवा जुनी सतरंजी घालावी. फरशी गुळगुळीत असल्यास चाके लावलेली फळी फार उपयोगी पडते. मानेखाली टॉवेलची घडी ठेवावी. डोके अधांतरी धरल्यानेच मान धरते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण गंज आणि चिखल सरळ डोळ्यांत पडतो. लागणारे पाने हाताशी, कामाच्या क्रमाने मांडावेत. हात वर धरून काम केल्याने खांदे लवकर थकतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यावे, पाणी प्यावे.

सैल कपडे, अंगठी आणि मनगटी घड्याळ काढून ठेवावे. इंजिन आणि सायलेन्सर निवू द्यावेत. घरातील विजेच्या तारेवर उघडा दिवा नेण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा, कपाळाला बांधता येणारा दिवा घ्यावा. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक आहे. काही गावांत ट्रॅक्टर किंवा जीपसाठी खड्डा खणलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने अशा खड्ड्यात साचते. तेथे विडी-काडी म्हणजे मृत्यूला आमंत्रण. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारांना घरी हात लावू नये.

आणखी एक विनंती. काढलेले जुने तेल गटारात ओतू नका. येथील गटार अखेर खान नदीला आणि नदी शिप्रेला मिळते. २०१६ च्या नियमांनुसार असे तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिला मान मिळविणाऱ्या इंदूरकरांना याहून अधिक सांगणे नको.

शिक्षकबंधूंना सुचवावेसे वाटते की, जॅक, पाचर आणि स्टँड यांचे प्रात्यक्षिक शाळेत एकदा अवश्य करून दाखवावे. आणि घरच्या मंडळींना माझे सांगणे असे की, गाडीखाली कोणी असेल तर हाकेच्या अंतरावर थांबा व मुलांना दूर ठेवा. गाडीचे काम एक दिवस पुढे गेल्याने काही बिघडत नाही. घरचा माणूस सुखरूप बाहेर आला पाहिजे.