माळढोक आणि त्याचा माळ



इंदापूर तालुक्यांत नीरेच्या कांठीं निरवांगी नांवाचें गांव आहे. पाण्याच्या बाजूस ऊंस, आणि पाणी जेथें पोंचत नाहीं तेथें माळ: कुसळाचें गवत, मुरूम आणि वर मोकळें आकाश. अशा जमिनीस आपण ‘पडीक’ म्हणतों. या एका शब्दानें एका पक्ष्याचें किती नुकसान केलें, तें आज सांगावयाचें आहे.

तो पक्षी माळढोक. उंची मीटरभर, नराचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. मादी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते आणि सुमारें चार आठवडे उबविते. अंड्याचा मातकट रंग हाच काय तो त्याचा पहारेकरी! एखादें कुत्रें फिरकलें कीं त्या वर्षाची वीण बुडाली.

दक्षिणेंतील माळांवर हा पक्षी एके काळीं सर्रास दिसे. १९७२ च्या कायद्यानें त्याची शिकार बंद झाली. १९७९ मध्यें सोलापूर आणि तेव्हांचा अहमदनगर या जिल्ह्यांत त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. त्याचा विस्तार सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटर! आंकडा भव्य खरा. पण त्यांत गांवें आलीं, शेतें आलीं, आणि स्वतःची जमीन विकणेंहि शेतकऱ्यास अवघड झालें. माळढोकाचें नांव तो रागानें घेऊं लागला, यांत त्याचा दोष मला तरी दिसत नाहीं. २०१२ च्या सुमारास ही हद्द बाराशें चौरस किलोमीटरांच्या आसपास आणावी लागली. आज नान्नजला एक माळढोक दिसला तरी बातमी होते.

दुसरी चूक सद्‌हेतूनें झाली. उघडा माळ पाहिला कीं तेथें झाडें लावावीं असें आपणांस वाटतें. या पक्ष्यास मात्र दूरवर दृष्टि जाईल असें गवतच हवें. विजेच्या तारांचें भय आणखी निराळें: डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस, म्हणून समोरचें नीट दिसत नाहीं, आणि जड देहास ऐन वेळीं वळतां येत नाहीं.

राजस्थानांत जेसलमीर जिल्ह्यांत अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम २०१९ पासून सुरू झालें. २०२४ मध्यें कृत्रिम रेतनाचें पहिलें पिलूंहि जन्मलें. पण वाढलेलीं पिलें सोडावयाचीं कोठें?

निरवांगीच्याच तालुक्यांत कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा अजून आहेत, आणि वनखात्यानें तो माळ पाहण्याची सोय केली आहे. पहांटे जावें. प्रथम कांहींच दिसणार नाहीं. मग गवत हलेल, एखादा चंडोल उठेल, आणि दूरवर चिंकाऱ्याचे दोन कान दिसतील.