आधी पाते, मग नाव



बोनस, महागाई भत्ता आणि आठ तासांचा दिवस यांवर बोलणाऱ्या माणसाने आज जुन्या तलवारींवर बोलायचे ठरवले, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. कामगार चळवळीने आता शस्त्रच हाती घेतले की काय, अशी शंकाही एखाद्याच्या मनात डोकावली असेल. ती त्याने निर्धास्तपणे काढून टाकावी. आम्ही ज्या तलवारींविषयी बोलणार आहो, त्यांनी रक्त पिणे केव्हाच सोडले आहे. आता त्या फक्त तेल पितात, आणि तेही मालकाला आठवण झाली तर.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि पाळी सुटण्याची वाट पाहत कारखान्याच्या दारात. त्यामुळे विद्वानांची भाषा आमच्याकडून ऐकायला मिळणार नाही. परंतु लोखंड हातांत खेळवणाऱ्या माणसांत आमचा जन्म गेला. लोखंडाचा एखादा तुकडा पाहिला की, हा कोणी घडवला आणि कसा घडवला, हा प्रश्न आमच्या मनात पहिला उभा राहतो. जुन्या तलवारींचा नाद लागला तो या प्रश्नापायी. राजेरजवाड्यांच्या हौसेपायी नव्हे.

आपल्या भागात जुन्या तलवारी आल्या कोठून? चांद्याला गोंड राजांचे राज्य होते. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा या वेशी आजही त्याची साक्ष देतात. १७५१ च्या सुमारास हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला तोफांनी फोडला. १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. फौजा मोडल्या, शिपाई घरी परतले आणि त्यांच्याबरोबर तलवारीही घरोघर गेल्या. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने लोकांच्या हातची शस्त्रे काढून घेतली. उरली ती माळ्यावर, देवघरात किंवा भिंतीच्या पोटात दडली. या दडलेल्या तलवारी वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर येतात.

भोसल्यांच्या तलवारीवरून एक ताजी गोष्ट सांगतो. २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सदबीज या लिलावघरात एक तलवार विक्रीस निघाली. सरळ, एकधारी पाते, मराठा घाटाची मूठ, आणि पात्यावर मुठीजवळ सोन्यात कोरलेली देवनागरी अक्षरे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. नागपूरच्या राज्याचा पाया घालणारे आणि आपला चांदा जिंकणारे ते पहिले रघूजी. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. वर्तमानपत्रांतून आपण हे वाचलेच असेल. आमचे लक्ष मात्र त्या अक्षरांतल्या शेवटच्या शब्दावर खिळले : फिरंग. म्हणजे फिरंग्यांकडचे, युरोपातले पाते. स्वतः बंगाल-ओरिसापर्यंत घोडी नेणाऱ्या सेनापतीची तलवार, मूठ मराठी आणि पाते परदेशी! आणि मौज अशी की, त्यांनी ते लपवले नाही. सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवले. चांगले काम कोठलेही असो, त्याला चांगले म्हणण्यात त्या काळच्या पराक्रमी माणसाला कमीपणा वाटत नव्हता.

तलवार पारखण्याचा पहिला धडा यातच आहे. मूठ आणि पाते या दोन वस्तू आहेत. त्यांची वये निराळी, गावे निराळी असू शकतात. एका पात्याला तीन पिढ्यांत तीन मुठी बसलेल्या असतात. म्हणून जाणता माणूस संपूर्ण तलवारीला एकदम ‘दोनशे वर्षांची’ म्हणत नाही. तो मूठ वेगळी तपासतो, पाते वेगळे तपासतो आणि मग त्यांची सोयरीक केव्हा झाली असावी ते पाहतो.

या सोयरिकीची खूण मुठीच्या पोटात असते. आपल्याकडे पात्याचे शेपूट मुठीत घालून वितळलेल्या लाखेने बसवीत. जुनी लाख काळपट आणि ठिसूळ होते. तिच्या जागी बाजारातला आजचा चिकटपदार्थ दिसला, तर मूठ अलीकडे बसवली एवढे नक्की समजावे. पाते खोटे आहे असा निकाल मात्र लगेच देऊ नये. गंजही बोलतो. शंभर वर्षांचा गंज काळसर तपकिरी, घट्ट, कोठे जास्त तर कोठे कमी असतो. आम्ल ओतून आणलेला गंज लालभडक आणि सगळीकडे सारखा असतो. हात जिथे पोचला असेल तिथे झीज आणि जिथे पोचला नसेल तिथे मळ, हा जुन्या वस्तूचा नियम आहे. नक्कल करणारा बहुधा उलटे करून ठेवतो.

अक्षरे असली तर भिंग घ्यावे. पाते झिजलेले आणि त्यावरची अक्षरे मात्र कालच्यासारखी टोकदार, असे दिसले की सावध व्हावे. पाते झिजते तेव्हा अक्षरेही त्याच्याबरोबर झिजतात. लेखातला किताब त्या माणसाला त्या साली होता काय, अक्षरांचे वळण त्या काळाचे आहे काय, हेही ताडून पाहावे. आणि अक्षरांवर एकदम विश्वास ठेवू नये, कारण लबाडी आजची नाही. युरोपात आंद्रेआ फेरारा या नामांकित कारागिराचे नाव कितीतरी परक्या पात्यांवर ठोकले गेले. पासाऊ गावच्या लोहारांची धावत्या लांडग्याची खूण झोलिंगनच्या लोहारांनी उचलली. जिनोआच्या पात्यांवरच्या कोयत्यासारख्या दोन खुणा तर इतक्या ठिकाणी नकलल्या गेल्या की आपल्या देशातल्या लोहारांनीही त्या काढल्या. ज्याला खप, त्याची नक्कल!

आता पोलादाकडे वळू. सगळीच चांगली पाती बाहेरून येत होती असे नव्हे. आपल्या शेजारी, तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रम् गावी मुशीत पोलाद शिजवीत, आणि ते विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथे येऊन राहत. शेकडा दीड भागाच्या आसपास कार्बन असलेले हे पोलाद बेताच्या उष्णतेवर ठोकून त्याचे पाते केले की त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. ती नक्षी वरून काढलेली नसते, धातूच्या पोटातून आलेली असते. म्हणूनच ती परीक्षेला उपयोगी पडते. पात्याला जुना खाच पडलेला असेल तर खाचेच्या आतही लाट पुढे चाललेली दिसते. आम्लाने वरवर काढलेली लाट तिथे थांबते.

या पोलादाचे गुपित शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या ऊर्जानगरने विसरू नये : मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, जी पुस्तके बांधावयाची तीच वाचून शहाणा झालेला. १८२० च्या आसपास त्याने हिंदी पोलादाची परीक्षा केली. पुढे १८३१ साली त्यानेच चुंबकापासून वीज निर्माण करण्याचा नियम शोधला, आणि त्या नियमावर आपल्या वीजकेंद्राचे जनित्र आज फिरत आहे. आपल्या अनाम लोहाराचे कसब आणि आपल्या संचाची वीज, दोन्ही एकाच माणसाच्या मेजावर येऊन गेली!

आमच्या जिल्ह्यालाही लोखंडाचा वारसा आहे. लोहारा आणि देवलगाव येथील खनिजावर गावोगावच्या छोट्या भट्ट्या चालत. जमशेटजी टाटांना पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न पडले तेही १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा एक अहवाल वाचून. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी चालला नाही आणि कारखाना पुढे साकचीला गेला. परंतु त्या छोट्या भट्ट्यांवर राबलेल्या माणसांचे एकही नाव आपणांस ठाऊक नाही.

येथे जपानची आठवण होते. तलवारी जमवण्याचा आणि पारखण्याचा छंद त्या देशाने जितका शास्त्रशुद्ध केला तितका क्वचितच कोणी केला असेल. १९४५ च्या पराभवानंतर तिथली शस्त्रे जमा होऊ लागली, तेव्हा जाणत्या मंडळींनी कलेच्या तलवारी वाचवल्या, आणि १९४८ साली त्यासाठी संस्था स्थापन झाली. ती तपासणी करून प्रमाणपत्र देते. जपानी लोहार मुठीत दडणाऱ्या शेपटावर आपले नाव कोरतो. त्या शेपटावरचा जुना गंज कोणी पुसत नाही. तो तलवारीच्या वयाचा दाखला आहे. शेपटाचा आणि सहीचा शाईने कागदावर ठसा घेऊन ठेवतात.

परंतु तिथेही खोट्या सह्या अमाप. म्हणून तिथला पारखी सही शेवटी वाचतो. आधी पात्याचा बाक, मग पोलादाचा पोत, मग धारेजवळ उमटलेली पाणी दिल्याची रेघ, आणि या सर्वांवरून हा कोणाचा हात असावा ते मनाशी ठरवून मग तो शेपूट पाहतो. मासामुने हा त्यांचा सर्वांत थोर लोहार. त्याच्या सहीची पाती अगदी विरळा, तरी त्याचा हात ओळखला जातो तो कामावरून. आधी पाते, मग नाव.

आपल्याकडे उलटा प्रकार. तलवारीवर नाव असलेच तर ते धन्याचे. घडवणाऱ्याचे जवळजवळ कधीच नाही. आणि आपण तलवार पाहतो तीही धन्याच्या नावासाठी. ‘ही कोणाची?’ असे विचारतो, ‘ही कोणी घडवली?’ असे विचारीत नाही. म्हणून फसतो. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्याला आणि पुढे नागपूरला आली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असतील. त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे की, ही वाघनखे शिवछत्रपतींनी वापरली तीच, हे सिद्ध झालेले नाही. हे सांगण्याने छत्रपतींच्या थोरवीला उणेपणा येत नाही. त्यांची थोरवी एखाद्या वस्तूवर टांगलेली नाही. उलट पुराव्याशिवाय त्यांचे नाव कोठेही चिकटवणे, हाच त्यांचा अपमान होय. बाजारात ‘अमुक सरदाराची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तलवारींपैकी कित्येक केवळ लग्नाच्या वरातीत शोभणाऱ्या असतात.

आता करावे काय? पहिली गोष्ट, खंडेनवमीला तलवारीची पूजा खुशाल करावी, पण चिंच, लिंबू, राख आणि पॉलिशकागद तिच्यापासून दूर ठेवावा. ज्या अक्षरांवरून तिची ओळख पटायची तीच आपण भक्तिभावाने घासून टाकतो. मऊ कापडाने धूळ पुसावी, पातळ तेलाचा हात द्यावा, कातडी म्यानात कायमची कोंडून ठेवू नये. तिथे ओल धरते. दुसरी गोष्ट, एक वही करावी. लांबी, रुंदी, वजन, खुणा, ठसा, छायाचित्र. आणि मुख्य म्हणजे ही तलवार कोणाकडून, कोणत्या गावाहून आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून लिहावे. त्यांचे सांगणे पुरावा म्हणून नव्हे, सांगणे म्हणून लिहावे. म्हातारे माणूस गेले की तलवार मुकी होते. तिसरी गोष्ट, कायदा पाळावा. नांगराला किंवा पायाखोदाईत काही सापडले तर १८७८ च्या निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तलवार बाळगण्याविषयी १९५९ चा शस्त्र कायदा आहे. पोलीस ठाण्यात विचारून मोकळे व्हावे.

आणि छंदाचा शेवट कोठे व्हावा, याचा आदर्श पुण्यात आहे. दिनकर केळकर हे चष्म्यांचे दुकानदार. त्यांनी खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, शस्त्रे जमवली, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह सरकारच्या, म्हणजे आपल्या, स्वाधीन केला. राजांच्या वस्तूंइतकीच त्यांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंची कदर केली. कारागिराचा हात त्यांना दोन्हींत सारखाच दिसला.

बंधुभगिनींनो, आपल्या या गावात रोज हजारो हात काम करतात आणि त्यांची नावे कोठल्याही यंत्रावर कोरलेली नसतात. जुनी तलवार हाती घेऊन आधी तिचे काम वाचायला जो शिकला, त्याला आजच्या कामामागचा माणूसही दिसू लागेल, अशी आमची श्रद्धा आहे. येत्या खंडेनवमीला आपल्या माळ्यावरची तलवार खाली काढाल तेव्हा कागद-पेन्सिल जवळ ठेवा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.