खा-खा सुटते तेव्हा



पत्र्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची एक युक्ती आहे. कडेखाली चमच्याचं टोक घालायचं, वरून तळवा दाबून धरायचा आणि झाकण थोडं थोडं फिरवत उचलायचं. ही युक्ती मी लहानपणी नव्हे, चाळिशी उलटल्यावर शिकलो. सेलूला आमच्या घरी सगळे झोपले, स्टेशनातून रात्रीची गाडी शिटी देऊन निघून गेली, की मी स्वयंपाकघरात जायचो. दिवा लावत नसे. आधी शेवेचा डबा, मग शेंगदाणे, मग गूळ, मग दुपारची उरलेली पोळी तेल-तिखट लावून. सगळं उभ्याउभ्याच. चव लागत होती म्हणावं तर तसंही नाही. पोटाला तडस लागली की हात थांबायचा आणि अंथरुणावर पडलं की स्वतःची किळस यायची. सकाळी उठून हाच माणूस वर्गावर जाऊन मुलांना इतिहास शिकवत होता.

आकाशवाणीवरून हे सांगताना मला संकोच वाटतो. पण याविषयी बोललो तेव्हा कळलं, की असे डबे उघडणारा मी एकटा नाही. एका शिक्षक मित्राने तर मला विचारलं, "सर, तुम्ही पण?" म्हणून आज थोडं मोकळेपणाने बोलायचं ठरवलं आहे.

पहिल्यांदा एक भेद ध्यानात घेऊ. पंगतीत कुणी आग्रह केला आणि आपण दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, हा रोग नव्हे. हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेल्यावर मोजून कोण खातं? मी ज्याच्याविषयी बोलतो आहे त्याला आपल्याकडे 'खा-खा सुटणं' म्हणतात. थोड्या वेळात एरवीच्या कितीतरी पट खाल्लं जातं आणि खाताना आता थांबावं हे आपल्या हातात उरत नाही. माणूस लाजेने एकट्याने खातो, भराभर खातो, आणि मागाहून मनाला लावून घेतो. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1959 साली या प्रकाराचं वर्णन लिहून ठेवलं. 2013 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने घडत असेल, तर तो आजार समजावा असा त्यांचा दंडक आहे. आमच्या घरी मात्र याला एकच शब्द होता : हावरटपणा. त्या एका शब्दाने माझी दोन-तीन वर्षं वाया घालवली, कारण हावरटपणावर उपाय म्हणजे उपास, अशी माझी समजूत होती.

माझं वजन 92 किलोवर गेलं होतं. त्या सुमारास आमच्या शिक्षकांच्या खोलीत 55 मिनिटांची चर्चा चालायची. आपल्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल. नागपूरचे कैलासवासी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी एक आहारपद्धती मराठी मुलखात गावोगाव व्याख्याने देऊन पोचवली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपायचं, मध्ये तोंडात काही टाकायचं नाही आणि रोज 45 मिनिटं चालायचं. हजारो लोकांनी ते केलं. आमच्या कॉलेजातल्या दोघांचे पट्टे आतल्या भोकावर गेलेले मी स्वतः पाहिले. दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खावं, असं सांगणारा दुसरा पक्षही आहे, आणि दोन्ही पक्षांचे अनुयायी एकमेकांशी असे भांडतात की ऐकणाऱ्याचीच भूक मरावी! त्या वादात मला पडायचं नाही.

मी काय केलं ते सांगतो. दोन जेवणं ही माझ्या मते सवलत होती. मी एकच ठेवलं. 'पोटभर जेवा' हा त्यातला शब्द मी सोयीने विसरलो. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, चारला पुन्हा काळा चहा, आणि संध्याकाळी घरी येऊन एक भाकरी, तीही मन मारून. रात्री अकराला डबा. दुसऱ्या दिवशी त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून काकडीसुद्धा बंद. त्या रात्री डबा पूर्ण रिकामा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण उपासाच्या दिवशी थट्टेने वापरतो. माझी मात्र रोजच एकादशी होती आणि रोजच दुप्पट.

याचा उलगडा मला दोन ठिकाणी झाला. एक पुस्तकात आणि एक घरात.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धावर जायला विवेकबुद्धीने नकार दिलेले हे तरुण आपखुशीने आले होते. युरोपातल्या उपासमारीतून वाचलेल्यांना पुन्हा कसं खायला घालावं, हे शिकायचं होतं. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. पण शरीराहून मन जास्त बदललं. ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती ते स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागले. स्वप्नात अन्न, बोलण्यात अन्न. काहींचा बांध मधेच फुटला आणि ते चोरून खाऊ लागले. आणि अन्न पुन्हा मोकळं झाल्यावर त्यांतले अनेकजण पोट फुटेस्तोवर खात, तरी तृप्ती होत नसे. आता ही माणसं आधी हावरट होती का? मुळीच नाही. उपासमारीने त्यांना तसं केलं.

दुसरा उलगडा वडिलांकडे पाहून झाला. 1972 च्या दुष्काळात ते अठरा वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर जात. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि सुकडी त्यांनी खाल्ली आहे. आज त्यांना मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर घेतात, सगळं पथ्य पाळतात, पण उशीखाली गुळाचा खडा असतो. आईने किती वेळा काढून फेकला. एकदा मी चिडून म्हणालो, "अण्णा, घरात आता काय कमी आहे? कशाला लपवून ठेवता?" ते म्हणाले, "खायला नाही रे. आहे म्हणून झोप लागते." मी गप्प झालो. मी दिवसभर माझ्या शरीराला जे सांगत होतो ते हेच होतं, की दुष्काळ पडला आहे. मग रात्री त्याने धान्याचं कोठार फोडलं, तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून, वजन उतरवायचं असेल त्याने प्रथम खायला शिकावं, असं मी आता म्हणतो. ऐकायला उलटं वाटेल. पण या आजाराच्या उपचारात पहिली पायरी हीच सांगतात : जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि भूक असो-नसो, रात्री काही घडलेलं असो-नसो, त्या वेळा मोडू नयेत. तीन जेवणं, मध्ये एक-दोन वेळा ठरवून काहीतरी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून मोठी फट नको. माझी न्याहारी साडेआठची. ज्वारीची भाकरी, उसळ किंवा पिठलं. दुपारी डबा. पाचला मूठभर भाजलेले चणे किंवा ताक. रात्री आठला पुन्हा पूर्ण जेवण, ताटात वाढून, बसून. दोन जेवणांची पद्धत ज्याला मानवते आणि ज्याची रात्र शांत जाते त्याने ती जरूर चालवावी. रात्री ज्याचा बांध फुटतो, त्याने मात्र ती फट मोठी करू नये. आणि ज्याला साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंच जेवण बंद करू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकतं.

पहिले पंधरा दिवस भीती वाटली, की एवढं खाल्लं तर आणखी फुगणार. तसं झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा गाडी शिटी देऊन गेली आणि मला आठवणसुद्धा झाली नाही.

तरी ऊर्मी अजिबात येत नाही असं नाही. कॉलेजात कुणाशी खटका उडाला, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर पडला, घरात पैशाची ओढ झाली, की हात डब्याकडे जातो. एका वहीत मी रोज लिहू लागलो : काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याआधी काय घडलं होतं. महिनाभराने वही चाळली तर माझ्या रागाचं वेळापत्रकच तिच्यात उतरलेलं! ऊर्मी ही दुधाला येणाऱ्या उतासारखी असते. वर चढते तेव्हा वाटतं, आता थांबणारच नाही. पण विस्तव कमी केला की खाली बसते. मी घराबाहेर पडून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो, नाहीतर अंगणात बाजेवर बसतो. अर्ध्या तासात बहुतेक वेळा ती ओसरते. आणखी एक केलं. शेवेचा मोठा डबा घरातून काढून टाकला. पाहुणे आले की पावशेर आणतो. सौभाग्यवतींनी यावर काही टिप्पणी केली नाही. फक्त त्या डब्यात आता बाजरी भरली. तो झाकणाचा आवाज त्यांना पहिल्यापासून ऐकू येत होता, हे मला फार मागाहून कळलं.

आता उत्साह टिकवण्याविषयी. वजन उतरवणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रोजचा वजनकाटा. आज अर्धा किलो कमी, उद्या पाऊण जास्त, की माणूस खचतो आणि खचला की खातो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 माणसांचा अभ्यास केला; 2006 साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी नेटाने आहार सुधारला आणि चालणं ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. आणि नवल असं, की त्यांचं वजन म्हणावं तसं घटलेलंच नव्हतं. म्हणजे काटा हलत नसतानाही आत काहीतरी भलं होत असतं. मी महिन्यातून एकदा वजन करतो. दीड वर्षात 92 चे 84 झाले. या वेगाला कुणी टाळ्या देणार नाही. पण जिना चढताना मी आता मधे थांबत नाही.

गुरुजनांना एक विनंती आहे. वर्गात एखादं लेकरू अंगाने जाड असतं. त्याला 'ढोल्या' म्हणून सगळे हसतात, कधी कधी आपणही हसतो. शाळेत वजन करताना आकडा मोठ्याने वाचला जातो. ते पोर दिवसभर काही खात नाही आणि संध्याकाळी घरी कुणी नसताना काय करतं, हे मी आपल्याला आता सांगायला नको. कृपा करून आकडा मनात वाचा. एखादी मुलगी जेवून लगेच ओकारी काढते असं ध्यानात आलं, तर रागावू नका, आईवडिलांना विश्वासात घेऊन तिला डॉक्टरकडे न्या. ते वेगळं आणि अधिक धोक्याचं दुखणं असतं. मनाच्या दुखण्यासाठी 2022 साली सरकारने टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. खा-खा घरच्या उपायांनी आटोक्यात येत नसेल त्यानेही तो लावायला लाजू नये.

मी पूर्ण बरा झालो असं आपल्याला सांगितलं तर ते खोटं ठरेल. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री मी फडताळाशी उभा राहून करंज्या खाल्ल्या. किती, ते वहीत लिहिलं आहे. मध्येच मागे पाऊल वाजलं. अण्णा पाणी प्यायला उठले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दिवा लावला आणि पाटावर बसत म्हणाले, "बस की रे. बसून खाय." मी बसलो. मग आणखी एकही खावीशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी उपास करायचा विचार सकाळी मनात येऊन गेलाच. साडेआठ वाजले तेव्हा मी भाकरी आणि मटकीची उसळ वाढून घेतली.