आवाज नेमका कुठे अडला?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज गेला की वादकाला पहिली शंका येते ती पिकअपची. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. या पिकअपमध्ये हलणारा, झिजणारा भाग एकही नाही. कार्यक्रमात पुन:पुन्हा हलवला जातो तो शेजारचा स्विच. तरी आळ पिकअपवर येतो आणि स्विच मोकळा सुटतो!

स्विचचे काम साधे आहे. घोडीजवळचा पिकअप धारदार आवाज देतो, मानेजवळचा गोल आणि भरदार. कोणाचा आवाज बाहेर जाऊ द्यायचा, हे स्विच ठरवतो. फेंडर कंपनीची १९५४ मधली स्ट्रॅटोकास्टर घ्या. तिला पिकअप तीन आणि स्विचच्या खाचाही तीनच. पण दांडी दोन खाचांच्या मधोमध अडकवली तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि वेगळाच आवाज मिळतो, हे वादकांनी हेरले. मग १९७७ मध्ये कंपनीनेच पाच खाचांचा स्विच दिला.

मी रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. आमच्या किनारपट्टीवर गणपती ते नवरात्र हा ऑर्केस्ट्राचा हंगाम. अशाच एका हंगामात एक तरुण गिटारवादक माझ्याकडे आला. गिटारला दोन पिकअप, तीन खाचांचा स्विच. घोडीकडच्या पिकअपवर स्विच टाकला की सगळे शांत. एका दुकानात त्याला सांगितले होते, ‘पिकअप जळाला, नवा घाला.’ त्यासाठी त्याने पुढच्या तीन कार्यक्रमांच्या मानधनावर उचल घेतली होती. म्हणाला, ‘काका, पैसे आणलेत. फक्त तो पिकअप बसवून द्या.’ मी म्हटले, ‘अरे, आधी तो मेलाय का ते तरी बघू!’

पहिल्यांदा केबल बदलून पाहिली, कारण निम्मी दुखणी केबलमध्येच असतात. ती ठीक होती. मग अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमी ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पिकअपवर हलकेच टिचकी मारली. जिवंत पिकअप ‘टक्’ करतो. स्विच घोडीकडे असताना तो गप्प, पण स्विच मधल्या खाचेवर आणताच दोन्ही पिकअप बोलू लागले. निकाल इथेच लागला होता. मधल्या खाचेवर जो बोलतो, तो जळालेला कसा असेल?

त्याची खात्री पटावी म्हणून मल्टिमीटर काढला. यासाठी गिटार उघडावीही लागत नाही. केबलचे एक टोक गिटारमध्ये, दुसऱ्या टोकाच्या पिनचे टोक आणि तिची बाही यांवर मीटरच्या दोन काड्या, आवाजाची बटणे पूर्ण उघडी. मानेकडच्या खाचेवर मीटरने सुमारे ७ किलोओम दाखवले. मधल्या खाचेवर सुमारे साडेतीन, कारण दोन पिकअप समांतर जोडले की रोध निम्म्यावर येतो. घोडीकडच्या खाचेवर मात्र मीटरच्या मापाबाहेर! म्हणजे दोन्ही पिकअप शाबूत, त्यांच्या तारा शाबूत. स्विचची एक पट्टी तेवढी टेकत नव्हती.

मागचे झाकण काढले. खाऱ्या हवेने पट्टीच्या टोकावर हिरवट पुट चढले होते आणि पट्टी जराशी बाहेर वाकली होती. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी मिळणारा काँटॅक्ट क्लीनर कोऱ्या कागदाच्या पट्टीवर फवारला, ती पट्टी दोन टोकांमधून ओढून काढली, वाकलेला भाग नखाएवढाही नाही इतका आत दाबला. त्या रात्री त्याने कार्यक्रम वाजवला आणि उचल दुसऱ्या दिवशी परत केली.

तुमच्या गिटारमध्ये लक्षणे वेगळी असू शकतील. एखादा पिकअप कोणत्याच खाचेवर बोलत नसेल, तर दोष बहुधा स्विचच्या अलीकडे. पिकअपची तार तुटलेली किंवा डाख सुटलेला. सगळेच गप्प असतील, तर स्विचच्या पलीकडे, आवाजाच्या बटणाकडे किंवा जॅककडे बघा. स्विच हलवताना खरखर येत असेल, तर दांडी वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. पुष्कळदा तेवढ्या घासण्यानेच पुट निघते. शिलाई मशीनचे तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ बसते. स्विच बदलायचाच असेल, तर तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅटरी नसलेल्या साध्या गिटारमध्ये वीज इतकी क्षीण असते की केबल काढून ती उघडायला भीती नाही. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र हात लावू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

आणि कोणी ‘हा भाग गेला’ म्हणाले, तर पैसे काढण्याआधी शांतपणे विचारा, ‘कसे तपासले?’ ज्याने खरोखर तपासले आहे, तो मीटर लावून तुम्हालाही दाखवील.