बियाची बेगमी



भंडारा-गोंदियाकडचा धानपट्टा डोळ्यांसमोर आणा. तिथल्या माजी मालगुजारी तलावांत रोहू, कटला, मृगळ वाढवणारे आपले ढिवर बांधव माशांना काय घालतात? राइस मिलमधला कोंडा आणि शेंगदाण्याची नाहीतर सरकीची ढेप. दुसरा पर्याय मासळीच्या भुकटीचा, म्हणजे फिशमीलचा, पण ते करायला तारलीसारखी समुद्रातली मासळी शिजवून, वाळवून दळावी लागते. एक मासा वाढवायला दुसरे मासे खर्ची घालायचे. म्हणून कोंडा-ढेपेचा रस्ता मला मनापासून पटतो. त्यात एक अडचण आहे, आज तिच्याबद्दल बोलतो.

प्रत्येक दाणा पुढे उगवणाऱ्या रोपासाठी फॉस्फरसची बेगमी करून ठेवतो. ती असते फायटिक आम्लाच्या रूपात, एकेका रेणूत फॉस्फेटचे 6 गट घट्ट बांधलेले. दाण्यातल्या एकूण फॉस्फरसपैकी साधारण दोन तृतीयांश असा बांधलेला असतो. भातात ही बेगमी मुख्यतः बाहेरच्या थरात, म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या कोंड्यातच असते. अंकुर फुटू लागला की दाण्यातलं फायटेज नावाचं विकर जागं होतं आणि बांधलेला फॉस्फरस सुटा करतं. मटकीला मोड येतात तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात हेच चाललेलं असतं. माशाच्या पोटात मात्र या कामाला पुरेल इतकं फायटेज नसतं.

कॅल्शियम मासा पाण्यातूनही घेऊ शकतो. फॉस्फरस पाण्यात इतका थोडा असतो, की तो खाद्यातूनच मिळावा लागतो. नाही मिळाला तर वाढ खुंटते, कणा वाकडा होऊ शकतो. शिवाय फायटिक आम्ल जस्त, लोह आणि प्रथिनंही अडवून धरतं. न पचलेला फॉस्फरस विष्ठेबरोबर तळाशी जातो, तिथले जिवाणू तो मोकळा करतात, आणि मग शेवाळ माजतं. रात्री पाण्यातला प्राणवायू उतरतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडताना तुम्ही पाहिले असतील. ते बघताना जीव कासावीस होतो. मासा ज्या फॉस्फरसवाचून खुरटतो, त्यानेच पुढे त्याचा श्वास कोंडावा!

यावर उपाय म्हणजे खाद्यात फायटेज बाहेरून घालणं. बुरशीपासून काढलेलं फायटेज 1991मध्ये नेदरलँड्समध्ये बाजारात आलं, तेही डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. पुढे ते मत्स्यखाद्यात आलं. प्रयोगांमध्ये एक किलो खाद्याला 500 ते 1000 एफटीयू ही मात्रा नेहमी दिसते. एफटीयू म्हणजे त्याची ताकद मोजायचं एकक. फायटेजचा पुडा घेताना वजनाआधी हा आकडा वाचा.

आता मुख्य गोष्ट, जी विक्रेता सहसा सांगत नाही. नेहमीच्या फायटेजला काम करायला आंबट वातावरण लागतं. तिलापिया आणि पंगास यांना जठर आहे, त्यात आम्ल आहे, तिथे ते चांगलं चालतं. आपल्या रोहू-कटल्याला जठरच नाही! अन्न घशातून थेट आतड्यात, आणि आतडं आंबट नसतं. तेव्हा पिंजऱ्यातल्या तिलापियाला ज्या पुड्याचा गुण आला, त्याचा तलावातल्या रोहूला तेवढा येईलच असं नाही. याच प्रश्नावर मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या बोटुकल्यांवर काम झालं आहे. फायटेजच्या जोडीला खाद्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्व, दिलं तेव्हा खनिजं माशाच्या अंगी जास्त लागली. या कामाचं मोल मला फार वाटतं, कारण ते आपल्या माशाचं पोट ओळखून केलेलं आहे.

आणखी एक काळजी. विकर हे प्रथिन असतं. वाफेवर गोळीखाद्य करताना 80-90 अंशांत ते बरंचसं मरून जातं. म्हणून कारखान्यात ते बहुधा गोळी थंड झाल्यावर फवारतात. आपणही पुडा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये. विदर्भातल्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगू?

रोहू-कटल्यासाठी एक साधी वाट आहे. जे पोटात होत नाही, ते आधी घमेल्यात होऊ द्यायचं. कोरड्या खाद्यात विकर निजलेलं असतं, त्याला ओल आणि ऊब हवी. कोंडा आणि ढेप कोमट पाण्यात, किंचित आंबट करून, फायटेज घालून काही तास भिजू द्या. फायटेज हाताशी नसेल तर गव्हाचा कोंडा मिसळा. गव्हाच्या कोंड्यात स्वतःचं फायटेज भरपूर असतं. फायदा कमी मिळेल, पण मिळेल. आधी थोड्याच खाद्यावर करून बघा. आणि भिजवलेलं खाद्य त्याच दिवशी, ऊन चढण्याआधी तलावात जाऊ द्या. उरलं तर त्याला बुरशी धरते, ते दुसऱ्या दिवशी माशांना घालू नका.