हजेरीचा हिशेब आपल्या हाती



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या जोडसामानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रश्न भाकरीचाच आहे. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा मानली. आणि हे दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यावयाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. चाकण-भोसरीच्या कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलला, की हजेरीपटही त्याच्याबरोबर जातो. म्हणून वही आपली आपण ठेवली पाहिजे.

पण हजारो नोंदी वहीत शोधावयाच्या कशा? मोठ्या डेटाबेसला सर्व्हर लागतो, त्याला सांभाळणारा माणूस लागतो. युनियनच्या कचेरीत दोन्ही नाहीत. अमेरिकन युद्धनौकेसाठी काम करताना रिचर्ड हिप यांनाही हीच अडचण आली : सर्व्हर पडला की काम ठप्प! त्यातून २००० साली त्यांनी एसक्यूलाइट लिहिले. सर्व्हर नाही, सारी वही एका फाइलीत, आणि मालकी कोणाचीच नाही. आरंभी ते टीसीएल या भाषेची जोड म्हणूनच जन्मले.

ही जोड तयार करणे टूलरूमच्या कामासारखे आहे. लेथला चक वेल्ड करीत नाहीत, बोल्टने बसवतात, तसेच येथे. सी भाषेतील मूळ मजकूर व टीसीएलशी जुळणारा सांधा कंपायलरला द्यावयाचा आणि सांगावयाचे की, स्वतंत्र प्रोग्रॅम नको, स्मृतीत कोठेही बसेल अशी सामायिक लायब्ररी हवी. मग टीसीएलला ‘लोड’ म्हटले, की ती फाइल उघडते, फाइलीच्या नावावरून आरंभाचे फंक्शन शोधते, ते चालवते आणि भाषेला एक नवी आज्ञा मिळते. फाइलीचे नाव मनाने बदलले, तर ते फंक्शन सापडत नाही. टीसीएल ६४ बिटांची असेल, तर जोडही ६४ बिटांचीच हवी. माप चुकले तर आटे बसत नाहीत, हे फिटरला सांगावयास नको.

यातून मिळते काय? नाव, तारीख, पाळी, ठेकेदार एवढे लिहिले, की ठेकेदार कितीही बदलोत, एका माणसाचे एकूण दिवस एका वाक्यात मोजून मिळतात. मध्येच वीज गेली, तरी नोंद अर्धवट राहत नाही. एक तर पूर्ण असते, नाही तर मुळीच नसते.

मात्र यंत्र सत्याची हमी देत नाही. नोंद कोणी, केव्हा केली, हे न्यायाधीश विचारतीलच. म्हणून गेटपास, पगारचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा यांच्याशी ती ताडून पाहावी, आणि नोंद त्याच दिवशी करावी. फाइलीची एक प्रत कचेरीबाहेरही असावी. मालकाच्या वहीपुढे ठेवावयास कामगाराची वही हवी. ती लिहिण्याचे साधन आज फुकट आहे. रोज लिहिण्याची शिस्त मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.